म्हालो मास्तर

आमच्या भागात न्हाव्याला म्हालो म्हणतात. आरोंद्याच्या खाडीच्या एका फाट्याकाठी, वर भातशेती आणि खाली माड अशा एका गावात आमचं म्हाल्याचं एकच घर. गावातली सगळी डोकी आणि सगळ्या दाढ्या आमच्या वाट्याला. त्याच्या बदल्यात कापणी-झोडणी झाली की घराघरातून भात मिळे, त्याला बलुतं म्हणत. किती द्यायचं ते देणारा ठरवी. पीक भरघोस आलेल्या वर्षीसुद्धा आमच्या पोत्यात सूप ओतताना लोकांचा हात आखडायचा. आम्ही वाकून घ्यायचो आणि वर पुन्हा 'बरां जावं दे तुमचां' म्हणायचो.

मी चौथी पास झालो आणि त्याच वर्षी बाबांचा उजवा हात थरथरू लागला. वस्तरा धरणाऱ्याचा हात थरथरला की त्याचं काम संपलं. बाबांनी धोकटी, म्हणजे वस्तरा-कात्री ठेवायची चामड्याची पिशवी, माझ्या खांद्याला अडकवली. मला कोणी विचारलं नाही. गावातली शाळा चौथीपर्यंतच होती आणि पुढं शिकायचं तर होडीनं खाडी ओलांडून पलीकडच्या बाजारगावात जावं लागे. तिथं मानकऱ्यांची मुलं जात. मानकरी म्हणजे देवळात पहिला नारळ ज्यांचा आणि पालखीला पहिला खांदा ज्यांचा ते घराणं. सावंतवाडीचं संस्थान विलीन झालं, झेंडे बदलले, पण आमच्या गावात मानकऱ्यांच्या ओटीवरून निघालेला शब्द पूर्वीसारखाच चाले. त्या घरातल्या कर्त्या पुरुषाला सगळा गाव आबा म्हणे. मीही म्हणायचो.

विशी उलटेपर्यंत मी गावाच्या दाढ्या केल्या. ते काम हलकं आहे असं मला कधी वाटलं नाही, आजही वाटत नाही. पुढं मी ते सोडलं तेव्हा 'बापाच्या धंद्याची लाज वाटते' असं पुष्कळांनी ऐकवलं, म्हणून आधीच सांगतो. माणसाचा चेहरा स्वच्छ करून द्यायचा, लहान मुलाचं जावळ न रडवता काढायचं, आजारी म्हाताऱ्याला घरी जाऊन माणसात आणायचं, यात लाज वाटण्यासारखं काय आहे? संताप येई तो हाक मारण्याच्या रीतीचा. शेतात असलो, जेवत असलो, तरी 'रे म्हाल्या' अशी आरोळी आली की उठायचं. माझ्या बायकोनं वाढलेल्या पेजेवर किती वेळा माशा बसल्या असतील!

एकदा मानकऱ्यांच्या घरातले म्हातारे काका वारले. दहाव्या दिवशी भावकीतल्या सगळ्या पुरुषांची डोकी खाडीच्या काठावर उतरवायची होती. मी तापानं फणफणलो होतो. कांबळं पांघरून पडलो होतो, तेवढ्यात मानकऱ्यांचा गडी दारात आला.

"चल, सगळे खाडीर येवन् बसलेहत."

"माका ताप आसा रे," मी म्हटलं. "उभो रवाक होयत नाय."

"तुझ्या तापासाठी दहावो दिवस थांबतलो काय?"

बाबा उठले आणि धोकटी घेऊन माझ्याजवळ आले. त्यांचे डोळे माझ्याकडे नव्हते, दाराकडे होते. मी गेलो. उन्हात, वाळूवर उकिडवा बसून एकामागून एक डोकी उतरवत राहिलो. घाम येऊन वस्तरा हातातून निसटत होता. एकानंही, खरंच एकानंही, 'तुका बरां नाय काय रे' असं विचारलं नाही. शेवटचं डोकं झाल्यावर मी केतकीच्या आड जाऊन ओकलो. परत आलो तर आबा म्हणाले, "हात धू आणि माझी दाढीय करून टाक."

घरी जाताना पाय चालेनात म्हणून शाळेच्या पायरीवर बसलो. शाळेचे मास्तर कोल्हापूरकडचे, एकटेच राहायचे. त्यांनी मला पाहिलं, आपल्या तांब्यातलं पाणी दिलं आणि कपाळाला हात लावला. वडील सोडले तर माझ्या कपाळाला हात लावणारा तो पहिला पुरुष.

"अंग भाजतंय की तुझं. अशा तापात कामाला कशाला गेलास?"

"बोलावल्यावर जावं लागतं, गुरुजी."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग विचारलं, "किती शिकलायस?"

"चौथी."

"सातवी कर. सातवीची परीक्षा पास झालास की जिल्ह्याचं स्कूल बोर्ड मास्तर म्हणून घेतं. शाळा वाढताहेत, माणसं पुरत नाहीत."

"या वयात शाळेत बसू?"

"वयाचं काय घेऊन बसलास! बसायला लागलास की सवय होईल."

तापातून उठल्यावर मी हे घरी बोललो. बाबा एकदम घाबरले. "गावाक दुखवन् खंय जातलंस?" एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. बायको चुलीपाशी होती. तिला एकही इयत्ता झालेली नव्हती. ती म्हणाली, "तुमी जावा शाळेत. मी लोकांच्या कामाक जातंय. पेजेपुरता भेटात." आणि खरंच ती लावणीला, कापणीला, बागायतीत माडाला पाणी घालायला जाऊ लागली. गावातल्या बायका तिला हसून विचारायच्या, "गो, तुझो घोव खंयच्या यत्तेत आसा?" ती सांगायची, "सहावीत. तुझो?"

बाजारगावच्या शाळेत मला सहावीत घेतलं. मुख्याध्यापकांनी आधी माझ्याकडून धडा वाचून घेतला, शुद्धलेखन घातलं, आणि मग बजावलं, "शाळेत धोकटी आणायची नाही. इथं तू विद्यार्थी." मला ते वाक्य इतकं आवडलं की दिवसभर मनात घोळवत होतो. सकाळी उजाडायच्या आत गावातली चार-दोन घरं उरकायची आणि पहिल्या होडीनं पलीकडे जायचं असा क्रम सुरू झाला. वर्गात सगळी मुलं बारा-तेरा वर्षांची. बसकरावर मांडी घालून बसलो की माझे गुडघे दोन्हीकडच्या मुलांना लागायचे. सुरुवातीला ती हसायची, नंतर मला काका म्हणू लागली आणि कवितेतले अवघड शब्द विचारू लागली. त्या मुलांबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार मोठ्यांबद्दल आहे. सातवीत असताना शाळेची तपासणी जवळ आली. मुलांचे केस वाढले होते. मुख्याध्यापकांनी मला वर्गातून बाहेर बोलावलं.

"उद्या धोकटी घेऊन ये. वाढलेल्या पोरांची डोकी नीट कर."

"गुरुजी, तुम्हीच म्हणाला होता..."

"शाळेचं काम आहे हे. शाळेनं तुला घेतलं, शाळेसाठी एवढं नाही करणार?"

"उद्या गणिताचा तास आहे. अपूर्णांक सुरू आहेत."

"तुझं गणित कुठं पळून जातंय?"

दुसऱ्या दिवशी शाळेमागच्या फणसाखाली मी माझ्याच वर्गातल्या मुलांचे केस कापत होतो आणि आत अपूर्णांक चालले होते. ज्या मुलाचे केस कापून होत तो आत जाऊन गणित शिके. मी बाहेरच. ते अपूर्णांक मला नंतर आमच्या गावच्या मास्तरांनी शिकवले, त्यांच्या खोलीत, कंदील मध्ये ठेवून. ते चिडके होते, चुकलं की पेन्सिल आपटायचे, पण एकही संध्याकाळ त्यांनी चुकवली नाही. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत, आणि त्यांच्याविषयी पुढं जे लिहिणार आहे ते हे उपकार विसरून लिहीत नाही.

सातवी पास झालो. अर्ज केला. काही महिन्यांनी नेमणूक आली, ती नेमकी आमच्याच गावच्या शाळेत. मुलं वाढली होती म्हणून दुसरा शिक्षक हवा होता, आणि मास्तरांनीच माझ्यासाठी शब्द टाकला होता. शिक्षकाचं ट्रेनिंग माझं अजून झालेलं नव्हतं, पण मास्तर होतो. स्वच्छ धोतर, शर्ट, टोपी घालून निघालो तेव्हा बाबा अंगणात उभे राहून बघत राहिले. धोकटी मी घरात खुंटीला लावली आणि गावाला निरोप दिला की आता दाढ्यांसाठी दुसरी व्यवस्था करा. तरुण पोरं बाजारात जाऊ लागली. म्हातारे कुरकुरले.

पहिल्याच आठवड्यात मानकऱ्यांच्या भावकीतला एकजण शाळेच्या दारात येऊन मोठ्यानं म्हणाला, "आमची पोरां आता म्हाल्याच्या पायाक हात लावतली?" मी कोणाला पाया पडायला सांगितलं नव्हतं. मी त्यांना बाराखडी शिकवत होतो. पण दोन-तीन घरांनी मुलं पाठवणं बंद केलं. बाकीच्यांनी माझं नवं नाव ठेवलं: म्हालो मास्तर. मास्तर म्हटल्याशिवाय चालत नव्हतं, कारण सरकारनं केलं होतं. मग निदान आधी म्हालो लावायचं, म्हणजे याला विसर पडायला नको. आमच्याकडे साधा खारवी खलाशी पुढं तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, झाला तर त्याला नुसतं तांडेल म्हणतात. शेतकऱ्याचा मुलगा मुंबईला जाऊन कारकून झाला तर तो कारकूनच. मलाच तेवढी माझी मागची पाटी पुढं लावून फिरावं लागे.

दुसऱ्या वर्षी मानकऱ्यांच्या थोरल्या मुलाचं लग्न ठरलं. मी वर्गात पाढे घेत होतो. गडी सरळ आत आला, मुलांच्या देखत.

"आबानी सांगितल्यानी, धोकटी घेवन् ये. नवऱ्याची दाढी तुझ्याच हातची होवक् होई."

"मी ता काम सोडलंय. आबांक सांग."

मुलं टकामका बघत होती. पाढा अर्धा राहिला होता. तो मी त्यांच्याकडून पुरा करून घेतला, पण माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता.

संध्याकाळी आबांनी बोलावलं. ते ओटीवर झोपाळ्यावर बसले होते, मी खाली अंगणात. कोल्हापूरकडच्या मास्तरांना ते ओटीवर बसवत, चहा देत. मला बसायला कोणी सांगितलं नाही.

"लग्नात नवऱ्याची दाढी करूचो मान म्हाल्याचो," ते शांतपणे म्हणाले. "तुझ्या आज्यान माझ्या बापाची केल्यान. तुझ्या बापान माझी केल्यान. हो मान आसा. तो सोडून दितंस?"

मान! हा शब्द ऐकला की आजही माझं रक्त उसळतं. त्यांचा मान म्हणजे पहिला नारळ घेणं, पालखीपुढं चालणं, सगळ्यांच्या आधी पानावर बसणं. आमचा मान म्हणजे बोलावल्यावर जाणं. एकाच शब्दात एकाला खुर्ची आणि दुसऱ्याला अंगण, आणि वर तो दुसराच कृतघ्न!

मी म्हटलं, "आबानू, मान माझो आसा तर तो सोडूचो हक्कय माझोच."

झोपाळा थांबला. "शिकान ह्यां बोलाक शिकलंस," एवढंच ते म्हणाले आणि आत गेले.

तिथून मी मास्तरांकडे गेलो. ते मानकऱ्यांच्याच मांगरात, म्हणजे घरामागच्या कौलारू खोपीत राहायचे. भाडं देत नव्हते, जेवणाची भाजीही त्यांच्या घरूनच यायची. त्यांना सगळं कळलेलं होतं. त्यांनी कंदिलाची काच पुसत माझ्याकडे न बघता म्हटलं, "एकदा जाऊन ये की. अर्ध्या तासाचं काम. काय बिघडतंय?"

आबांच्या बोलण्यानं मला राग आला होता. या बोलण्यानं मी खालीच बसलो. ज्यांनी मला तापात पाणी दिलं, ज्यांनी मला शाळेत घातलं, त्यांना काय बिघडतंय ते दिसत नव्हतं, किंवा दिसत असून राहत्या जागेपायी ते न दिसल्यासारखं करत होते. यातलं खरं कोणतं हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मी उठून घरी गेलो.

लग्नाच्या सकाळी मी शाळेत असताना बाबांनी खुंटीवरची धोकटी काढली आणि ते मानकऱ्यांकडे गेले. मला किंवा बायकोला सांगितलं नाही. मुलाचं पाप आपण फेडू अशी त्यांची समजूत. दुपारी मी घरी आलो तर ते पडवीत भिंतीला टेकून बसले होते.

"काय झाला, बाबा?"

"तेनी माका दारातनच परत धाडल्यानी. 'तुझो हात कापता, तुका कोणी बोलावल्यानी? मास्तराक धाड,' म्हणाले."

"मगे नवऱ्याची दाढी कोणी केल्यान?"

बाबांनी मांडीवरची धोकटी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "सावंतवाडीचो न्हावी इलो आसा. कालच इलो. खुर्चेर बसवन् करता. बरो आरसो आणल्यान तेना."

म्हणजे दाढीसाठी माणूस आदल्या दिवसापासून घरात हजर होता! त्यांची दाढी अडली नव्हती. मी अंगणात बसून, मुलांच्या आईबापांसमोर, मास्तराच्या कपड्यात वस्तरा चालवावा एवढ्यासाठी तो सगळा खटाटोप होता. आणि माझ्या म्हाताऱ्या बापाला, ज्यानं त्या घराची चाळीसेक वर्षं सेवा केली, त्यांनी वऱ्हाडाच्या देखत दारातून हाकललं. मी त्या दिवशी जेवलो नाही. बायकोनं बाबांना जबरदस्तीनं पेज भरवली आणि धोकटी उचलून माळ्यावर नेऊन टाकली.

लग्न आटोपल्यावर माझ्याविरुद्ध बोर्डाकडे तक्रार गेली. तक्रारीत काय असावं? 'सदर शिक्षक शाळेच्या वेळात शाळा सोडून गावात हजामती करीत फिरतात.' खाली मानकऱ्यांची आणि भावकीची नावं. हे मला कळलं तेव्हा मी आधी मोठ्यानं हसलो, बायको घाबरून बाहेर आली. मी हजामत करत नाही म्हणून ज्यांचं पित्त खवळलं, त्यांनीच लिहून दिलं की मी हजामत करतो.

चौकशीला शाळा तपासणारे साहेब आले. त्यांना सगळे डिपोटी म्हणत. ते उतरले अर्थातच मानकऱ्यांकडे. सकाळी शाळेत आले, आबा आणि आणखी चारजण बरोबर. साहेबांनी माझ्या वर्गाला वाचायला लावलं, गणितं घातली, नकाशावर नद्या विचारल्या. मुलांनी झकास उत्तरं दिली. मग त्यांनी तक्रार वाचून दाखवली आणि मुलांनाच विचारलं, "हे गुरुजी शाळेच्या वेळात बाहेर जातात का रे?"

मुलं म्हणाली, "नाही."

"मग दाढ्या करायला कधी जातात?"

तिसरीतली एक चुणचुणीत मुलगी उभी राहिली. तिला कोणी पढवलेलं नव्हतं, मला तर तिची भीतीच वाटली. ती म्हणाली, "गुरुजी खंय जायतच नाय. जायत नाय म्हणान तर आबा रागावलेहत!"

वर्गात हशा पिकला. साहेबही हसले. आबा बाहेर जाऊन पानाची पिंक टाकून आले. साहेबांनी मान डोलावली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "ठीक आहे. मास्तर, तुमचं काम समाधानकारक आहे." माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मला वाटलं, शेवटी कोणीतरी वरचा माणूस येतो, बघतो आणि न्याय करतो.

दुपारच्या सुट्टीत साहेबांनी मला मानकऱ्यांकडे बोलावल्याचा निरोप आला. मी आनंदातच गेलो. वाटलं, ट्रेनिंगला पाठवण्याचं काहीतरी असेल.

साहेब ओटीवर खुर्चीत बसले होते. अंगात नुसता गंजीफ्रॉक, गळ्याशी पंचा. शेजारी गरम पाण्याचा तांब्या. आबा झोपाळ्यावर.

"या मास्तर," साहेब मोकळेपणानं म्हणाले. "तक्रारीत काही तथ्य नाही. मी तसं लिहिलंय. आता काळजी करू नका."

"आभारी आहे, साहेब."

"आता असं करा. मला संध्याकाळी सावंतवाडीत मोठ्या साहेबांना भेटायचंय. सकाळी घाईत दाढी राहून गेली. आबासाहेब म्हणाले, तुमचा हात फार हलका आहे. सामान असेलच ना घरी?"

त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, हे मुद्दाम लिहितो. ते सहज बोलले. जिथं पाणी दिसलं तिथं प्यायला मागावं, इतकं सहज. सकाळी ज्या माणसाला त्यांनी 'शिक्षक' म्हणून मान्य केलं, त्याच्यातला म्हालो दुपारी जेवण झाल्यावर त्यांना दिसू लागला होता. आणि झोपाळ्यावर आबा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान मी मरेपर्यंत विसरणार नाही.

नोकरी कच्ची, घरात म्हातारे वडील, बायकोला दिवस गेलेले. पण तोंडातून शब्द आपोआप बाहेर पडले.

"साहेब, मी तुमची दाढी केली तर ती तक्रार खरी होईल."

साहेबांचा हात गालावरच थांबला. आबांनी "अरे, साहेब आसत ते!" असं खेकसून पाहिलं. साहेबांनी पंचा गळ्यातून काढून मांडीवर ठेवला. "तुम्ही फार ताठ आहात," ते म्हणाले. "ताठ माणसाला नोकरीत त्रास होतो. जा तुम्ही."

मी नमस्कार करून निघालो. खाडीच्या बांधावर आल्यावर मला रडू कोसळलं. भीतीनं म्हणा, संतापानं म्हणा, मला वेगळं करता आलं नाही.

त्या साहेबांनी तक्रार खोटी ठरवली हे खरं. पण महिना-दोन महिन्यांत माझी बदली आली, प्रशासकीय सोय म्हणून, थेट देवगडकडच्या मिठबावला. तक्रार करणारे जागच्या जागी, ज्याच्याविरुद्ध काही निघालं नाही तो जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाला. याला सोय म्हणायचं! कोणाची सोय, ते सांगायला नको. मास्तर होडीपर्यंत पोचवायला आले. त्यांनी माझ्या हातात भूगोलाचं जुनं पुस्तक ठेवलं आणि म्हणाले, "ट्रेनिंग सोडू नको." मी त्यांच्या पाया पडलो. दोघांनाही आणखी बोलायचं होतं, आम्ही बोललो नाही. बाबा आमच्याबरोबर आले. गाव सोडताना ते एकदाही मागं वळले नाहीत, याचं मला नवल वाटलं.

मिठबावला सगळं गोडीगुलाबीनं झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. समुद्रकाठचा गाव, रापणीच्या जाळ्यात आलेल्या मासळीचा बाजार, आंब्याच्या बागा. तिथं मला कोणी ओळखत नव्हतं. ज्यांच्या पडवीत बिऱ्हाड केलं त्या घरच्या म्हातारीनं चौथ्या दिवशी विचारलं, "मास्तरानू, तुमी खंयच्यापैकी?" मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "आमी म्हाले." मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. आयुष्यभर गावाला घाबरलेला माणूस, पण हे त्यांनी असं सांगितलं की जणू नारळ फोडला. म्हातारी "बरां" म्हणून आत गेली. दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर आमची घागर त्यांच्या घागरींनंतर भरायची असा नियम निघाला. माझ्या बायकोनं काही दिवस तो पाळला आणि एके दिवशी सरळ आधी जाऊन पाणी भरलं. भांडण झालं, दोन दिवस अबोला झाला, आणि नियम बुडाला. तिथल्या दर्यावर्दी लोकांना भांडण झालं की ते संपवायची सवय होती. आमच्या गावात भांडण होतच नसे, नुसता हुकूम होई.

मिठबावलाच माझी मुलगी जन्मली. तिथूनच मला ट्रेनिंग कॉलेजला पाठवलं. ते मी चांगल्या गुणांनी पुरं केलं आणि परत त्याच शाळेत आलो. बाबा तिथंच वारले. त्यांना खांदा द्यायला माझे विद्यार्थी आणि त्यांचे बाप होते. कोणाला बोलवायला जावं लागलं नाही.

साठचं दशक संपत आलं होतं तेव्हा आमच्या गावाहून आमंत्रण आलं. शाळेला नवी इमारत झाली होती, सातवीपर्यंत वर्ग झाले होते. शाळेतून शिकून शिक्षक झालेला गावातला पहिला माणूस म्हणून माझा सत्कार करायचं ठरलं होतं. मी जाणार नव्हतो. बायको म्हणाली, "जावया. बघया तरी काय म्हणतत ते."

आबा वारले होते. ज्याच्या लग्नात ते सगळं घडलं तो थोरला मुलगा सरपंच होता. त्यानं मला हार घातला, खुर्चीत बसवलं आणि भाषण केलं. गरिबीतून वर आलेला माणूस, जिद्द, चिकाटी, असं बरंच. आणि शेवटी म्हणाला, "आमच्या गावानं गुणी माणसाला नेहमीच साथ दिली. या गावानं गुरुजींना घडवलं, याचा आम्हाला अभिमान आहे."

टाळ्या वाजल्या. मी बोलायला उभा राहिलो. घरून निघताना ठरवलं होतं की मुलांना अभ्यासाबद्दल दोन शब्द सांगून बसायचं. पण ती 'साथ' ऐकून राहवलं नाही. मी म्हटलं, "गावानं मला साथ दिली हे खरं नाही. या गावातल्या एका परक्या मास्तरांनी मला शिकवलं आणि माझ्या बायकोनं मला पोसलं. गावानं माझ्या वडिलांना लग्नाच्या दारातून हाकललं, माझ्याविरुद्ध खोटी तक्रार केली आणि मला इथून घालवलं. इथं बसलेल्या पुष्कळांना हे आठवत असेल. ज्यांना आठवत नसेल त्यांना माहीत असावं म्हणून सांगतो. माझ्या जिद्दीचं कौतुक करू नका. शिकायला निघालेल्या माणसाला जिद्द लागू नये अशी शाळा चालवा."

कोणी टाळी वाजवली नाही. सरपंच जमिनीकडे बघत होता. मागच्या रांगेतला एक म्हातारा, जो तेव्हा तक्रारीवर सही करणाऱ्यांत होता, उठून निघून गेला. मुलं मात्र डोळे मोठे करून बघत होती. चहा झाला. आम्हाला बशीत लाडू दिले, ते माझ्या हातात तसेच राहिले. सरपंच जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मास्तरानू, आता जुनां कित्याक उकरूचां?"

"तुझ्या लग्नाक तू खुर्चेर बसलंस, माझो बापूस दारात उभो होतो," मी म्हटलं. "तुका जुनां, माका नाय."

तो निघून गेला. त्याला वाईट वाटलं की राग आला, मला कळलं नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती.

होडीतून खाडी ओलांडताना बायको गावाकडे पाठ करून बसली होती. मला वाटलं, जास्त बोललो. तिला तसं म्हटलं.

"कमीच बोल्लात," ती म्हणाली. "फणसाखालचां सांगूक विसरलात."

पलीकडे एस.टी. लागलेली होती. आम्ही धावत जाऊन जागा धरली. सावंतवाडीला गाडी बदलून पुढं जायचं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला शाळेत वेळेवर पोचायचं होतं.